गोजरबाईंनी उघडलेलं पान

पुस्तक बांधायला द्यायची अवदसा सुलेखाला आठवली नसती, तर त्या वर्षीचा वाचनाचा दिवसही टाळ्या, खीर आणि फोटो यांत सुखरूप पार पडला असता. पण निवृत्ती जवळ आली की माणसाला घर आवरायची हुक्की येते, आणि सुलेखाचं घर म्हणजे शाळाच. मे महिन्यात मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडायची म्हणून दिवाळीपासून तिनं एकेक कपाट उपसायला काढलं होतं. त्यात अण्णांचं पुस्तक हाती लागलं. शिवण उसवलेली, पानं सुटलेली, पुठ्ठ्याच्या जागी जुन्या कॅलेंडरचा कागद. तिनं ते जपून शहागंजात नेलं आणि एका म्हाताऱ्या बाइंडरकडून नव्यानं शिवून आणलं. लाल कापडी पाठ, कडक पुठ्ठा. आईला हातात घ्यायला बरं वाटेल, एवढाच तिचा हेतू होता.

पुस्तक म्हणजे गोष्टींचा एक जाडजूड जुना संग्रह. तिचे वडील कडुबा, ज्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणायची, गवंडीकाम करायचे आणि लग्नानंतर रात्रशाळेत अक्षरं शिकले होते. छावणीच्या नाल्यापलीकडं पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांनी प्राथमिक शाळा काढली. मास्तर खरंच शिकवतात की नुसते हजेरी घेतात, हे तपासायची त्यांची एकच रीत होती. वर्षातून एकदा चौथीच्या पोरांनी सगळ्यांसमोर हे पुस्तक वाचायचं. आणि पान कुणी काढायचं? तर गोजरबाईनं, त्यांच्या बायकोनं. तिला अक्षर येत नव्हतं. "जिला वाचताच येत नाय, तिच्या हातून लबाडी व्हायची नाय," असं अण्णा म्हणायचे.

अण्णा गेल्यावर वाचनाचा दिवस त्यांच्या स्मृतिदिनाला जोडला गेला. पत्र्याच्या खोल्यांची दुमजली इमारत झाली. पण पान काढायचा मान आईकडंच राहिला. एरवी भाजी कुठली करायची हेही तिला कुणी विचारत नसे. त्या एका दिवशी मात्र शिकलेसवरलेले सगळे तिच्या बोटांकडं बघत बसायचे, आणि ती ते आठवडाभर पुरवून पुरवून सांगायची.

यंदा जेवताना एक बैठकही व्हायची होती. शाळा घरच्या ट्रस्टची, आणि ट्रस्टवर आई नि तिची चार लेकरं. जूनपासून मोठ्या बाईंच्या खुर्चीवर कुणी बसायचं ते ठरवायचं होतं. थोरले राजकुमारदादा अध्यक्ष. त्यांना आपल्या सुनेला, रूपालीला बसवायचं होतं. तिच्याकडं तीन वर्षं चौथीचा वर्ग होता. सुलेखाच्या मनात धम्मपाल होता, गेल्या वर्षी वैजापूरकडून आलेला पहिलीचा शिक्षक. ना नात्यातला, ना गोत्यातला. पण त्याच्या वर्गातली चिल्लीपिल्ली घरी जाताना दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत जायची, आणि दुकानदार वैतागायचे. सुलेखाला ते ऐकायला गेटपाशी उभं राहावंसं वाटायचं.

आई दादाच्या घरी राहते, तेव्हा ती दादाबरोबर जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पुण्याचा धाकटा भाऊ अभय फोनवर "ताई, तू म्हणशील तसं" म्हणाला होता. आणि धाकटी दीपमाला याच शाळेत दुसरीला शिकवत होती, रोज एका डब्यात जेवणारी बहीण. तिला विचारायचीही गरज नव्हती. सुलेखानं लग्न केलं नाही, कधी कुणाकडं काही मागितलं नाही. घरच्यांसमोर पदर पसरायची ही पहिलीच वेळ, आणि ती आपल्यासाठी नव्हती म्हणून तिला लाज वाटत नव्हती.

शनिवारी सकाळी पांढऱ्या कपड्यांत सगळे जमले. दीपमालाचं लक्ष टेबलावरच्या लाल पुस्तकाकडं गेलं.

"हे कुठलं नवीन?"

"नवीन कुठलं! अण्णांचंच आहे. शहागंजातून बांधून आणलं. आईला सांगू नको हं, तिला गंमत."

दीपमालानं पुस्तक उचललं. मधेच उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दर वेळी निराळंच पान निघालं. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मला विचारायचं तरी, ताई."

"यात काय विचारायचंय?"

"काही नाही," असं म्हणून ती लगबगीनं रूपालीला शोधायला गेली. सुलेखाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती मांडवातल्या खुर्च्या सरळ करायला लागली.

अण्णांच्या फोटोला हार घातला, त्रिशरण-पंचशील झालं. मांडव वस्तीतल्या आईबापांनी भरला होता. दादांनी आईला कोपर धरून खुर्चीत बसवलं. सुलेखानं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं तशी तिनं लाल पाठीवरून हात फिरवला.

"माझंच हाय न्हवं हे?"

"तुझंच, आई. नवं लुगडं नेसवलंय त्याला."

आई खुदकन हसली. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि पुस्तक उघडलं.

पहिला चौथीतला प्रणय आला. त्यानं पानाकडं पाहिलं, मग रूपालीकडं पाहिलं, मग पुन्हा पानाकडं. "ए... का... रा... ना..." इथपर्यंत येऊन तो अडला, "रानात" म्हणाला, आणि पुढच्या शब्दाशी बराच वेळ झटत राहिला. "घसा बसलाय त्याचा," रूपाली बाजूनं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या पाठ थोपटल्यासारख्या होत्या.

मग अमृता आली. अमृता म्हणजे शाळेचा आवाज. परिपाठात प्रतिज्ञा तीच सांगायची, पाहुण्यांचं स्वागत तीच करायची. दोन वेण्या, नव्या रिबिनी, नीट इस्त्री केलेला गणवेश. आईनं पुन्हा पान काढलं. अमृतानं पुस्तक हातात घेतलं, पानावर एक नजर टाकली आणि मग खणखणीत आवाजात सुरू झाली.

"एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिच्या अंगणात लहानमोठे रांजण होते. एके दिवशी राजाचा शिपाई तिच्या दारात आला..."

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. अभयनं मोबाइल वर धरला. मागं बसलेली अमृताची आई, केसरबाई, पदरानं डोळे टिपत होती. सुलेखा माईक घेऊन अमृताच्या पाठीशी उभी होती आणि सवयीनं तिची नजर पानावर गेली. पानावर मधोमध हत्तीचं चित्र होतं. वर हत्ती, खाली माहूत, ओळीओळीत हत्तीच. कुंभारणीचा कुठं पत्ता नव्हता.

सुलेखाला आधी वाटलं, आपलाच चष्मा बदलायला झाला. मग तिला आठवलं की कुंभारीण गेल्या वर्षीही होती. त्याच्या आधीही होती. नदीकाठचा बगळा आणि सुताराचा मुलगा, तेही दर वर्षी यायचे. आईला त्या गोष्टी आवडत असतील, तिची बोटं तिथंच जात असतील, असं सुलेखा समजत आली होती. प्रत्यक्षात शिवण उसवलेलं पुस्तक तीन-चार जागी आपोआपच उघडत होतं. अक्षर न येणाऱ्या बाईच्या हातून लबाडी व्हायची नाही, म्हणून बाप निर्धास्त होता. आणि तिच्याच हातून वर्षानुवर्षं तीच पानं निघत होती.

इथं थांबता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे सुलेखाला कळत नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या बाईची जीभ तिच्या आधी चालली.

"थांब बाळ. आता बोट ठेवून वाच बरं."

माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. अमृतानं बोट ठेवलं, ते हत्तीच्या सोंडेवर. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"पहिला शब्द कोणता आहे, बाळ?"

हा दुसरा प्रश्न विचारायला नको होता. पहिला चुकून गेला म्हणता आलं असतं, दुसऱ्याला काही सबब नव्हती. अमृतानं पानाकडं पाहिलं, मग अगदी हळू म्हणाली, "कुंभारीण." माईकनं तेही सगळ्यांना ऐकवलं. मग तिनं पुस्तक आजीच्या मांडीवर नीट ठेवलं, नमस्कार केला आणि खुर्च्यांच्या मधून चालत गेटाबाहेर गेली. तिच्या मागून केसरबाई उठली.

"काय झालं गं? का थांबली पोरगी?" आई इकडंतिकडं बघत विचारत होती. "लई गोड वाचत व्हती की."

दादांनी तिचं कोपर धरून तिला उठवलं.

जेवायची पानं चौथीच्या वर्गात मांडली होती, बाकं जोडून. पुऱ्या, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. राजकुमारदादांनी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"माईकवर कशाला बोललीस?"

"दादा, ते मुद्दाम नव्हतं."

"मुद्दाम नव्हतं! समदी वस्ती बसली होती. उद्या एकेक जण पोरांचे दाखले मागायला येईल, तेव्हा काय त्या हत्तीला पुढं करू?"

"पोरीला वाचता येत नाही, दादा. चौथीत आहे ती."

"ते आत कळलं असतं की! घरातली गोष्ट घरात."

"आत कधी कळलं असतं? इतकी वर्षं कळलं नाही."

रूपाली पुरीचे तुकडे करत बसली होती, खात नव्हती. "आत्या, माझ्याकडं आली तेव्हाच तिला येत नव्हतं," ती खाली बघतच म्हणाली. "तिला एकटीलाच नाही. निम्म्याहून जास्त वर्गाला येत नाही."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग तू शिकव. अन् ते मला जमत नाही, हे सगळ्यांना कळलं असतं."

"रूपाली, तू गप," दादा म्हणाले.

सुलेखा दीपमालाकडं वळली. अशा वेळी ती नेहमीच दीपमालाकडं वळायची. "दीपे, तू तरी बोल. वर्गात तू आहेस, तुला कळतं. हे असं चालू द्यायचं का?"

दीपमालानं खिरीची वाटी बाजूला सरकवली.

"पाठ करून घ्यायचं मीच सुरू केलं, ताई."

बाहेर मुलांच्या पंगतीत वाढप्याची हाक चालली होती.

"रूपालीच्या आधी चौथी माझ्याकडंच होती ना. पुस्तक तीन-चार जागी आपोआप उघडायचं. मी म्हटलं, तेवढीच पानं पाठ करून घ्यावीत. मग रूपाली आली, तर तिलाही मीच सांगितलं."

"का पण?"

"का म्हणजे?" दीपमालाचा आवाज चढला. "एकेका वर्गात साठ-साठ पोरं. दारात आलेल्याला परत लावायचं नाही, हे तू म्हणायचीस. लई मोठं मन तुझं. पण ते मन घेऊन तू ऑफिसात बसायचीस अन् पोरं माझ्या अंगावर. एकेकाच्या ओळीखाली बोट धरायला मला हात किती? तुला ते कधी दिसलंच नाही. वाचनाच्या दिवशी मात्र तुझा चेहरा असा फुलायचा की मला वाटायचं, जाऊ दे, हिला वर्षातून एक दिवस तरी सुखाचा मिळू दे."

सुलेखाला वाटलं होतं की शाळेतलं सगळं आपल्याला ठाऊक आहे. कुठल्या नळाला गळती आहे, कुठल्या पोराचा बाप पितो, कुणाला चपला नाहीत. रोज एका डब्यात जेवणाऱ्या बहिणीनं तिच्यावर दया करत इतकी वर्षं काढली, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. रागानं बोलली असती तर परवडलं असतं. ही दया तिला सोसवेना.

"बरं," अभय घसा साफ करत म्हणाला. त्याचं मराठी आता पुरतं पुण्याचं झालं होतं. "ताई, मी तुला शब्द दिला होता, मान्य आहे. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आज बाहेर लोक उभे आहेत. आजच आपण घरची सून बाजूला ठेवून बाहेरचा माणूस बसवला, तर त्याचा अर्थ काय होतो? की आपणच कबुली दिली."

"द्यायला नको का?"

"तसं नाही गं. आधी सावरू, मग हळूहळू बघू."

"हळूहळू ती पोरं पाचवीत जातील, अभय."

"धम्मपाल चांगला आहेच. त्याला कोण काढतंय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलून काही उपयोग नव्हता. सकाळपर्यंत तिच्या बाजूचे म्हणून जे धरले होते ते एकेक करून दादाच्या बाजूला जाऊन बसले होते. ते वाईट होते म्हणून नव्हे, भ्यायले होते म्हणून. सुलेखाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आईच्या पानातलं वाढलेलं अजून तसंच होतं.

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "मी पान काढीत व्हते ते काय मी काढीत नव्हते."

"आई, यात तुझी काय चूक?" सुलेखा म्हणाली.

"चुकीचं नाय म्हनत मी. मला वाटायचं, मी परीक्षा घ्यायलेय. एवढाल्या शिकल्यासवरल्यांची मी, गोजरबाई, परीक्षा घ्यायलेय. तुझ्या बापानं दिलेला मान हाय म्हनून सकाळधरनं पाणी बी प्यायची नाय मी त्या दिवशी." ती सुलेखाकडं वळली. "पोरं मला हसत असतील व्हय गं?"

"नाही, आई. कुणी हसत नव्हतं."

"तू ते पुस्तक शिवलं नसतं तर बरं झालं असतं, सुले. मला मरेपतूर कळलं नसतं."

दादांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुलेखाकडं असं पाहिलं की बघ, काय करून बसलीस. या एका बाबतीत त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"मग काय ठरलं?" अभयनं विचारलं.

सुलेखानं हातातला घास खाली ठेवला. "खुर्ची रूपालीला द्या. जूनपर्यंत थांबायचीही गरज नाही. सोमवारपासून बसू दे."

दादांच्या कपाळावर आठी पडली. एवढ्या लवकर कुणी हार मानली की त्यांना आधी संशय यायचा. "अन् त्याच्या बदल्यात?"

"मला चौथी द्या. मेपर्यंत."

"मुख्याध्यापिका असलेली बाई वर्गावर जाणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला शिक्षा झाली. म्हणू दे की. तुम्हाला तेच सोयीचं आहे."

"तू त्या पोरांना चार महिन्यांत वाचायला लावणार?"

"जेवढी लागतील तेवढी."

"आणि बाहेर काही बोलायचं नाही."

"मी होऊन बोलणार नाही. आईबापांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

दादांनी अभयकडं पाहिलं, अभयनं मान डोलावली. दीपमालानंही डोलावली, पण सुलेखाकडं न बघता. स्वस्तात सुटल्याच्या आनंदात दादांनी आणखी एक पुरी वाढून घेतली. धम्मपालचं नाव पुन्हा निघालं नाही. त्याला आपण न विचारताच उभं केलं आणि न विचारताच बसवलं, हे सुलेखाच्या ध्यानात आलं, तेव्हा तो बाहेर मुलांना खीर वाढत होता.

हात धुवायला ती नळावर गेली तर रूपाली तिथं ताट घेऊन उभी होती. तिनं आजूबाजूला पाहिलं.

"आत्या, एक सांगू? खुर्चीचं मला काय एवढं नव्हतं. बाबांना होतं. पण वर्ग सुटला, बरं झालं. मला त्या पोरांची भीती वाटायची."

"पोरांची?"

"डीएडच्या कॉलेजात आम्ही फक्त परीक्षेला जायचो. वाचायला कसं शिकवतात ते मला कुणी दाखवलंच नाही. फळ्यावर लिहायचे, पोरं उतरवून घ्यायची. ती माझ्याकडं बघत बसायची ना, तेव्हा मला वाटायचं यांना कळलंय." तिनं नळ बंद केला. "तुमच्या वर्गात कधी येऊन बसू का मागं?"

"मोठ्या बाईंनी वर्गात येऊन बसायचं तर विचारायला कशाला लागतं," सुलेखा म्हणाली. तिला हे प्रेमानं म्हणायचं होतं, पण शब्द कोरडे निघाले. रूपाली ताट घेऊन निघून गेली.

दुपारी सगळे पांगले. आई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, काचेतून समोर बघत. सुलेखा खिडकीशी गेली, "आई, जाते हं, जप," म्हणाली. आईनं मान हलवली, पण ती हो म्हणून की बस्स म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. दीपमाला आपला डबा घेऊन रिक्षात बसली.

रविवारी सकाळी आईचा फोन यायचा. काय खाल्लं, गुडघा कसाय, गॅस बंद केलास का, एवढंच. सुलेखा फोन पुढ्यात घेऊन भाजी निवडत बसली. भाजी निवडून झाली, फोन वाजला नाही. आपण करावा असं दोनदा तिच्या मनात आलं. पण काय बोलायचं? चुकलं म्हणायचं तर नेमकं काय चुकलं म्हणायचं? पोरीला उभं केलं ते चुकलं, हे तिला पक्कं कळलं होतं. बाकीचं ज्याला घरचे चूक म्हणत होते, ते तिला चूक म्हणता येत नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरात तिला एकटं राहायची सवय होती. एकटं पडायची नव्हती.

संध्याकाळी ती केसरबाईच्या घरी गेली. नाल्याच्या कडेला पत्र्याचं घर, दारात धुण्याचा दगड. केसरबाई कपडे चुबकत होती. तिनं मोठ्या बाईंना बघून पदर सारखा केला, पण उठली नाही.

"अमृता आहे?"

"हाय की आत."

आतल्या पडद्यामागं काहीतरी हललं. बाहेर कुणी आलं नाही.

"केसरबाई, माझं चुकलं. मी तिला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

"आता काय बोलायचं, बाई." केसरबाईनं कपडा पिळला. "महिनाभर पाठ करत व्हती. भांडी घासता घासता, पाणी भरता भरता. ऐकून ऐकून मला बी पाठ झालं. तिच्या बापाला बी झालं. ती कुंभारीण आली की आमच्या घरातले समदे संगंच बोलायचे."

तिनं पिळलेला कपडा झटकून दोरीवर टाकला.

"आमाला वाटलं व्हतं, पोरगी शिकली," केसरबाई म्हणाली. "आमी काय, आमाला कुठं कळतंय, ती बघून बोलतीय का मनानं बोलतीय."

"मी उद्यापासून तिच्या वर्गावर आहे. मी शिकवीन तिला. तिला पाठवा."

"आली तर येईल. मी काय तिला ओढून आणू का, बाई?" हे ती तोडून बोलली नाही, थकून बोलली. पडद्याकडं बघून सुलेखानं "येते हं, अमृता," म्हटलं आणि परत फिरली.

सोमवारी रूपाली मोठ्या बाईंच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कुणी उठवायला येईल तर लगेच उठता यावं अशी. सुलेखा ऑफिसच्या दारावरून पुढं गेली. दुसरीच्या वर्गात दीपमाला हजेरी घेत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा हजेरीपटात घातली.

चौथीची पोरं ताडकन उभी राहिली. "नमस्ते, मोठ्या बाई," सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. एरवी हीच पोरं तिला जिन्यात गाठून पडलेले दात दाखवायची. आज कुणी नजर वर करत नव्हतं. ही बाई माईकवरून विचारते, हे त्यांना आता माहीत झालं होतं.

अमृता आली होती. खिडकीकडच्या बाकावर, दोन्ही हात बाकाखाली. आज वेण्यांना रिबिनी नव्हत्या. सुलेखानं तिच्याकडं फार वेळ पाहिलं नाही. बघितलं तर पुन्हा सगळे बघतील, एवढं तरी ती शनिवारी शिकली होती.

"बसा," ती म्हणाली. "मी आता मोठ्या बाई नाही. नुसती तुमची बाई आहे. शनिवारी मी एक फार चुकीची गोष्ट केली. आपल्यातल्या एकीला मी सगळ्यांसमोर अडवलं. तिची चूक नव्हती, माझी होती."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाई अशा बोलतात, हे त्यांना नवीन होतं. काहींना वाटलं, ही पण परीक्षाच असेल.

"आता मला एक खरं सांगा. ज्यांना पुस्तक वाचता येत नाही, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सुलेखा दाराशी गेली, दार लोटून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन टेबलाशी उभी राहिली. खुर्चीत बसली नाही.

"मी रागावणार नाही. घरी सांगणार नाही, ऑफिसात सांगणार नाही. कुणाला म्हणजे कुणालाच सांगणार नाही. मला फक्त कुठून सुरुवात करायची ते कळू द्या."

मग प्रणयचा हात वर आला, कोपरापर्यंतच, कान खाजवायला उचलल्यासारखा. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि आपलाही उचलला. मग मागच्या बाकावरून दोन. मग मधल्या रांगेतल्या मुली, एकमेकींचं बघून. हात वर जात राहिले, इतके की खाली राहिलेले शोधावे लागले. अण्णांच्या शाळेत एवढी पोरं खोटं बोलत गप्प बसली होती, आणि आता तिच्यावर भरवसा ठेवून खरं बोलत होती. या दोन्हींतलं जास्त जड कुठलं, ते तिला सांगता आलं नसतं.

"शाबास," ती म्हणाली. "आता हात खाली घ्या."

खिडकीकडून आवाज आला. शेवटच्या रांगेपर्यंत सहज जाणारा तो आवाज आज कसाबसा टेबलापर्यंत पोचला.

"बाई, मी हात वर नाय केला तर चालंल का?"

"चालेल, अमृता."

"माझं तर समद्यांना माहीतच हाय."